बिनमातीच्या बागेचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. मी खतांचा दुकानदार. माल कुठून आला हे विचारल्याशिवाय पोतं उतरवून घेत नाही. हल्ली शहरातली मुलं घरात भाजी लावायची म्हणून एक पेटी मागवतात. पांढरे पाइप, आतून चंदेरी कागद, वर जांभळट दिवा, खाली घुरघुरणारा एवढासा पंप आणि रंगीत द्रावणाच्या दोन बाटल्या. त्या पेटीचं कूळ मी असंच सवयीने शोधत गेलो. ती टोमॅटोच्या नावाने विकतात, खोक्यावर लेट्यूसचा फोटो असतो, आणि तिचे बरेचसे अवयव गांजाच्या धंद्यात घडलेले आहेत, निदान तिथे पोसले गेले आहेत.

यात धक्का बसण्यासारखं काही नाही. मला खटकतं ते वेगळंच. या पेटीत जे जे महाग आहे, ते पिकाने कधी मागितलंच नव्हतं. ते लपून पीक घेणाऱ्याची गरज म्हणून आलं. ज्याला लपायचं नाही त्याचं काम खडी, वाळू आणि पसाभर खतावर भागतं, आणि हे ऐंशी वर्षांमागे आपल्याच देशात, कालिंपोंगच्या डोंगरात एकाने करून दाखवलं होतं. त्याचं नाव पेटी विकणाऱ्यांना ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यांनाही.

आधी रसायनाचं सांगतो, कारण ते माझ्या दुकानातलं आहे.

आमचं दुकान निफाड तालुक्यात, द्राक्षाच्या पट्ट्यात. वडिलांच्या वेळी अमोनियम सल्फेट, सुपर फॉस्फेट आणि पेंड यांची पोती छतापर्यंत लागत. ठिबक आलं तशी विद्राव्य खतं आली, पोत्यांच्या जागी पंचवीस किलोच्या बॅगा आल्या आणि गिऱ्हाईक आकड्यांत बोलायला लागलं. "अण्णा, दोन झिरो-बावन्न-चौतीस द्या, एक तेरा-झिरो-पंचेचाळीस, अन् कॅल्शियम नायट्रेट चांगल्यातलं द्या, मागच्या वेळचं ओलं निघालं." सही करून बॅगा ट्रॅक्टरवर. हे आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे. शाळा अर्धवट सोडलेला माणूसही आमच्याकडे हे पाढ्यासारखे म्हणतो.

आता दीडशे वर्षांहून मागे जाऊ. १८६०च्या सुमारास जर्मनीत युलियस फॉन झाक्स आणि विल्हेल्म नॉप या दोघांनी झाडं नुसत्या पाण्यात, क्षार विरघळवून वाढवून दाखवली. माती नाही, शेण नाही. नॉपचं मिश्रण पुढे पाठ्यपुस्तकांत गेलं. त्यात कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियमचं एक फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि लोहाचा अंश होता. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे आमचं तेरा-झिरो-पंचेचाळीस. ते फॉस्फेट म्हणजे झिरो-बावन्न-चौतीस. मॅग्नेशियम सल्फेट पिवळ्या पानांवर फवारतात तेच. नॉपसाहेबाची सगळी प्रयोगशाळा माझ्या दुकानात गल्ल्यामागच्या एकाच फळीवर उभी आहे.

तिथवर पोचायलाही दोनशे वर्षं लागली होती. सतराव्या शतकात बेल्जियमकडच्या व्हान हेल्मॉन्टने दोनशे पौंड वाळवलेल्या मातीत पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड एकशे एकोणसत्तर पौंडांवर गेलं, मातीचं वजन जेमतेम दोन औंस घटलं. त्याने निष्कर्ष काढला की लाकूड पाण्यापासून होतं. हवेचा हिशेब त्याच्या गावी नव्हता. पुढे १६९९ साली इंग्लंडात जॉन वुडवर्डने पुदिना वेगवेगळ्या पाण्यांत वाढवून पाहिला. पावसाचं पाणी, थेम्स नदीचं पाणी, हाइड पार्कच्या नळाचं पाणी, आणि त्याच नळाच्या पाण्यात बागेतली माती कालवलेलं पाणी. जितकं पाणी गढूळ तितका पुदिना जोमदार. पाण्यातून आणखी काहीतरी येतं, एवढं कळलं. ते 'काहीतरी' नेमकं काय, हे झाक्स-नॉपपर्यंत अडून राहिलं.

यातली एक गोष्ट द्राक्षवाल्यांना पुस्तकाशिवाय कळलेली आहे. कॅल्शियम नायट्रेट हे फॉस्फेट किंवा सल्फेटबरोबर एका ड्रममध्ये घट्ट कालवायचं नाही. आमच्याकडच्या एका बागायतदाराने वेळ वाचवायला सगळं एकाच ड्रममध्ये ओतलं. थोड्या वेळात पाणी ताकासारखं झालं, तळाला पांढरी साय बसली, आणि व्हेंच्युरीतून ती लॅटरलमध्ये गेली. ऐन गोडी छाटणीनंतर पोरं एकेक ड्रिपर दाभणाने टोकरत बसली होती. कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र आले की जिप्सम होतं, फॉस्फेटबरोबर आले तरी न विरघळणारा साका. पातळ केलं की नांदतात, घट्ट असताना भांडतात. महागड्या पेटीबरोबर 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्या येतात, त्यामागचं सगळं गूढ एवढंच.

प्रयोगशाळेतली ही युक्ती शेती म्हणून विकायची कल्पना अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या विल्यम गेरिक नावाच्या माणसाची. १९२९ साली त्याने मोठ्या टाक्यांत, क्षारांच्या पाण्यावर पीक घ्यायची पद्धत छापून मांडली. त्याचे टोमॅटोचे वेल पंचवीस-पंचवीस फूट चढत, आणि शिडी लावून टोमॅटो तोडतानाचे त्याचे फोटो गाजले. १९३७ साली त्याने या पद्धतीला 'हायड्रोपोनिक्स' हे नाव दिलं. ते त्याला सेचेल नावाच्या सहकाऱ्याने सुचवलं होतं. त्याच १९३७ साली अमेरिकेत मारिवाना टॅक्स कायदा झाला आणि गांजा व्यवहारात बेकायदा ठरला. एका वर्षात बिनमातीच्या शेतीचं बारसं आणि गांजावर बंदी. तेव्हा या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. पन्नास वर्षांनी त्यांचं लग्न लागायचं होतं.

गेरिकचं विद्यापीठाशी फाटलं. त्याने बरंचसं काम घरच्या काचघरात, स्वतःच्या वेळात केलं होतं, आणि मिश्रणाचा तपशील विद्यापीठाच्या हवाली करायला तो राजी नव्हता. तो बाहेर पडला. विद्यापीठाने त्याच्या दाव्यांची तपासणी होगलंड आणि अर्नन या दोघांकडे दिली. १९३८ साली त्यांची एक पत्रिका निघाली. तिचा सूर थंड पाणी ओतणारा होता. चांगल्या जमिनीत जेवढं पिकतं तेवढंच इथे पिकतं, चमत्कार नाही, उजेड आणि हवामान यांच्या मर्यादा इथेही सुटत नाहीत. गंमत अशी की लोकांचा उत्साह आवरायला काढलेल्या या पत्रिकेतलं मिश्रणच जगभर पोचलं, आणि 'होगलंड द्रावण' हे नाव आजही चालतं. दुकानदार म्हणून मी होगलंडच्या बाजूचा आहे. दुप्पट-तिप्पट उत्पन्नाची जाहिरात घेऊन येणारे प्रतिनिधी मी पुष्कळ पाहिले आहेत.

जिथे जमीनच नाही तिथे मात्र या पद्धतीला तोड नव्हती. पॅन ॲमची विमानं प्रशांत महासागर ओलांडताना वेक नावाच्या उजाड प्रवाळ बेटावर थांबत. तिथे १९३०च्या दशकाच्या शेवटी उतारूंसाठी अशी भाजी पिकवली जाई. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने अटलांटिकमधल्या ॲसेन्शन बेटावर, ज्वालामुखीच्या खडकावर, खडीच्या वाफ्यांत सॅलड पिकवलं. युद्धानंतर जपानात टोकियोजवळ चोफूला सुमारे बावीस हेक्टरवर तेच केलं, कारण तिथली भाजी सोनखतावर वाढे आणि अमेरिकी शिपायांना ती कच्ची खाऊ घालायला डॉक्टर तयार नव्हते. या सगळ्या ठिकाणी पैसा सरकारचा किंवा कंपनीचा. सिमेंटचे हौद, पंप, मोजमापाला तज्ज्ञ. गरिबाने त्यातून घेण्यासारखं फार नव्हतं.

जेम्स शोल्टो डग्लस हे नाव इथे येतं.

१९४६ साली हा माणूस बंगाल सरकारच्या शेतीखात्यात, दार्जिलिंग जिल्ह्यातल्या कालिंपोंगच्या प्रयोगक्षेत्रावर काम करत होता. तीन वर्षांपूर्वीच बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं अन्नावाचून मेली होती. पुढच्या वर्षी प्रांताची फाळणी व्हायची होती. अशा वेळी बावीस हेक्टरांचे सिमेंटचे हौद कोण बांधून देणार? डग्लसने उलटा विचार केला. या तंत्रातून काय काय काढून टाकलं तरी झाड जगतं, असा. पंप काढला. टाकी काढली. द्रावण फिरवायची कटकट काढली. राहिला एक उथळ वाफा, मिळेल त्या स्वस्त सामानाचा, तळाला पाणी निघून जायला भोकं. त्यात माती नाही, बारीक खडी आणि तिच्यात मिसळलेली वाळू किंवा दगडाचा चुरा. नुसती खडी असती तर पाणी लगेच निथळून गेलं असतं, नुसती वाळू असती तर पावसात चिंब बसली असती. दोन्ही मिळून ओल धरतात आणि मुळाला हवाही देतात.

त्याची खरी करामत खतात होती. गेरिकपासून चोफूपर्यंत सगळे आधी द्रावण तयार करत. डग्लसने बाजारातली साधी खतं कोरडी मिसळली, ओळींच्या मधे भुरभुरवली आणि वरून झारीने पाणी दिलं. द्रावण वाफ्यातच तयार झालं. ना मोजपात्र, ना वीज. पुण्यात रद्दीतून मिळालेलं त्याचं पुस्तक माझ्याकडे आहे. 'हायड्रोपोनिक्स : द बेंगॉल सिस्टिम', पहिल्यांदा १९५१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलेलं. वाचताना वाटतं, खतविक्याला कळेल अशा भाषेत लिहिलं आहे. गुंतागुंतीची यंत्रं गाळून भाजी पिकवायचा स्वस्त मार्ग लोकांच्या हाती द्यायचा, हा हेतू तो स्वतःच सांगतो. घराची गच्ची, व्हरांडा, अंगणाचा कोपरा हे त्याच्या डोळ्यापुढे होतं.

मी त्याची पद्धत गच्चीवर करून पाहिली. फळांच्या जुन्या क्रेटला आतून शेडनेट लावून त्यात क्रशरवरची ग्रिट आणि धुतलेली वाळू. पालक झकास आला. मेथीही आली. एक अडचण पुस्तकात सापडली नाही आणि आमच्याकडे ती हमखास येते. एप्रिलच्या उन्हात खडी तापते, ओल वर ओढली जाऊन खताची पांढरी खपली पृष्ठभागावर बसते, आणि कोवळं खोड तिथेच करपतं. वरून उसाचं पाचट अंथरलं की निभावतं. कालिंपोंगच्या थंड हवेत डग्लसला याची गरज पडली नसावी.

आता गांजाचं. त्याचाही धागा बंगालातच सापडतो, हे मला फार मजेदार वाटतं.

कालिंपोंगहून खाली सपाटीला उतरलं की जुन्या राजशाही जिल्ह्यात, आजच्या बांगलादेशात, नौगाव म्हणून ठिकाण आहे. एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही बंगालचा गांजा मुख्यत्वे इथल्याच ठरावीक टापूत, सरकारी परवान्याने पिके. त्या टापूला 'गांजा महाल' म्हणत. १८७७ साली हेमचंद्र केर या डेप्युटी कलेक्टरने या लागवडीचा आणि व्यापाराचा तपशीलवार अहवाल लिहिला. पुढे १८९३-९४ साली सरकारने इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं, त्याने देशभर हिंडून हजाराच्या वर साक्षी घेतल्या आणि सात खंड छापले. त्यांत आपला नगर जिल्हाही आहे, मुंबई इलाख्यातल्या लागवडीचं ठिकाण म्हणून. आजोबांच्या पिढीला ही गोष्ट अगदी साधी होती. ऊस, कपाशी, तसा परवान्याचा गांजा. तोल, गोदाम, कर, सगळं चोख.

नौगावात एक कसबी माणूस असे, त्याला पोद्दार किंवा परखदार म्हणत. भांगेचं नरझाड वेगळं आणि मादीझाड वेगळं. परागण झालं की मादी बी धरते आणि गांजाचा कस जातो. पोद्दार साधारण नोव्हेंबरात शेतात उतरे आणि फूल पुरतं उमलण्याआधीच, फांदीच्या बगलेतल्या बारीक खुणेवरून नर ओळखून उपटायला लावे. शेतकरी स्वतः हे करायला धजत नसे. एक नर नजरेतून निसटला तर स्वतःचंच नव्हे, शेजाऱ्याचंही पीक वाया. त्यामुळे या डोळ्याची मजुरी शेतकरी बिनतक्रार देत. पीक कापल्यावर ते पायांनी तुडवून 'चपटा' करत किंवा गोल वळत, आणि झडलेला भाग 'चूर' म्हणून वेगळा जाई. १९१७ साली तिथल्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था निघाली. आमच्या द्राक्ष आणि साखर सहकाराच्या कितीतरी आधी गांजाचा सहकार, हे आमच्या चेअरमन लोकांना सांगितलं की ते विषय बदलतात.

म्हणजे एकाच प्रांतात दोन कसबं होती. सपाटीवर बिनबियांचं पीक घ्यायचं, डोंगरावर बिनमातीचं. दोघांची गाठ कधी पडली नाही, आणि पडायचं कारणही नव्हतं. नौगावाला गाळाची सुपीक जमीन होती, ऊन होतं, परवाना होता. खोलीत कोंडून, दिव्याखाली झाड वाढवण्याचा विचार पोद्दाराला कुणी सांगितला असता तर त्याने सांगणाऱ्यालाच दोन झुरके कमी घ्यायला सांगितलं असतं.

तो विचार करायला लावला तो हेलिकॉप्टरने. अमेरिकेत १९७०च्या दशकात बराचसा गांजा मेक्सिकोतून येई. तिथल्या पिकावर अमेरिकेच्या मदतीने पॅराक्वाट फवारलं जाऊ लागलं. पॅराक्वाट म्हणजे तणनाशक, आमच्याकडेही विकलं जातं, आणि पोटात गेलं तर माणूस वाचवणं कठीण हे प्रत्येक कृषी सेवा केंद्रवाला जाणतो. ओढणारे घाबरले आणि घरच्या मालाला भाव आला. मग कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडच्या डोंगरांत लागवड वाढली. १९८३पासून सरकारने 'कॅम्प' नावाची मोहीम काढली. वरून हेलिकॉप्टर घिरट्या घाली, खालून माणसं जाऊन झाडं उपटत. उघड्यावर हिरवं दिसलं की संपलं. तेव्हा पीक तळघरात शिरलं.

तळघरात ऊन नाही, म्हणून दिवा. गोदामांवर आणि रस्त्यांवर लावायचे मेटल हॅलाइड आणि सोडियमचे दिवे छताला टांगले गेले. दिव्याचा प्रत्येक वॅट पैशाचा, म्हणून भिंतीला चंदेरी पत्रा. दिव्याने खोली तापते, म्हणून पंखे. वास बाहेर जाऊ नये म्हणून कोळशाची गाळणी. मातीची पोती रात्री चढवायची-उतरवायची म्हणजे शेजाऱ्याला संशय, शिवाय वापरलेली माती टाकणार कुठे? म्हणून बिनमातीचं तंत्र. जागा इंचाइंचाची आणि माल सोन्याच्या भावाचा, म्हणून पीक झटपट यावं यासाठी पंप, टायमर, मीटर. पेटीतला एकेक भाग असा भीतीपोटी जन्मला. वर सांगितलेलं माझं म्हणणं इथे पुरावा मागत असेल तर तो असा आहे : यातला कोणता भाग उघड्या गच्चीवरच्या पालकाला लागतो ते सांगा.

सुटे भाग सगळे आधीच तयार होते. इंग्लंडात लिटलहॅम्प्टनच्या संशोधन केंद्रात ॲलन कूपरने उतरत्या पन्हाळीतून द्रावणाचा पातळ पापुद्रा वाहता ठेवायची पद्धत टोमॅटोसाठी बसवली होती. पेटीतले पांढरे पाइप तिचीच नक्कल. डेन्मार्क आणि हॉलंडमध्ये काचघरवाले रॉकवूल वापरू लागले होते. ते म्हणजे पंधराशे-सोळाशे अंशांवर वितळवलेल्या बेसॉल्टचे पिंजलेले तंतू. आपला अख्खा सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा, तोच दगड भट्टीत घालून, कापसासारखा पिंजून, प्लास्टिकात गुंडाळून जहाजाने परत येतो आणि आपण तो ठोकळ्याच्या भावाने घेतो. डग्लसने तो फोडून नुसता वाफ्यात भरला असता. नौगावचा पोद्दारही तळघरात वेगळ्या नावाने हजर झाला. बिनबियांच्या मालाला मेक्सिकोकडच्या स्पॅनिशमधून 'सिन्सेमिया' हे नाव पडलं होतं आणि 'सिन्सेमिला टिप्स' नावाचं नियतकालिक ऑरेगॉनमधून निघत होतं.

कॅलिफोर्नियात १९७६पासून जनरल हायड्रोपोनिक्ससारख्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि गावोगाव दुकानं निघाली. या दुकानांची एक रीत मला धंदेवाईक म्हणून फार कळते. गिऱ्हाईकाने 'टोमॅटो' म्हणायचं. गांजाचं नाव तोंडातून निघालं की दुकानदार माल न देता बाहेर काढणार. दोघांनाही ठाऊक, आणि दोघांनीही न बोलायचं. आमच्या धंद्यातही काही औषधं कोणत्या पिकाच्या नावाने बिलावर चढतात, ते मी इथे लिहीत नाही.

या मुक्या कराराला पहिला मोठा तडा २६ ऑक्टोबर १९८९ रोजी गेला. अमेरिकी अमली पदार्थ खात्याने 'ऑपरेशन ग्रीन मर्चंट' या नावाने एकाच वेळी ४६ राज्यांत छापे घातले. रोख दुकानांवर होता आणि 'हाय टाइम्स' व 'सिन्सेमिला टिप्स' या नियतकालिकांतल्या जाहिरातदारांवर. पार्सल कुणाला गेलं याच्या नोंदी तपासून गिऱ्हाईकांच्या दारापर्यंत माणसं गेली. जाहिराती आटल्या आणि 'सिन्सेमिला टिप्स' बंद पडलं. त्यात खरोखरच ऑर्किड आणि टोमॅटो लावणारेही भरडले गेले असणार. पंप विकणं गुन्हा नाही, पण पंप कुणी घेतला यावरून घराची झडती, हा प्रकार दुकानदाराच्या पोटात गोळा आणणारा आहे.

दुसरा प्रसंग ऑरेगॉनमधल्या फ्लॉरेन्स गावचा. जानेवारी १९९२मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी रस्त्यावर गाडीत बसून एका घरावर उष्णता टिपणारा कॅमेरा धरला. गॅरेजचं छप्पर आणि एक भिंत शेजारच्या घरांपेक्षा गरम दिसली. त्यावरून वॉरंट, झडती, आत शंभराहून जास्त झाडं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००१ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला. घराच्या आतलं असं यंत्राने 'पाहणं' हीसुद्धा झडतीच आहे, वॉरंटशिवाय चालणार नाही. कायलो विरुद्ध अमेरिका म्हणून हा खटला कायद्याची पोरं अभ्यासतात. माणसाच्या घराच्या खाजगीपणाचा एवढा मोठा निकाल छताला टांगलेल्या दिव्यांच्या उष्णतेतून निघाला.

त्या दिव्यांचं बिलही थोडंथोडकं नव्हतं. २०१२ साली इव्हान मिल्स यांनी 'एनर्जी पॉलिसी' या नियतकालिकात हिशेब मांडला की अमेरिकेच्या एकूण विजेतली सुमारे एक टक्का वीज घरातल्या गांजाला जाते. जे झाड नौगावच्या शेतात फुकटच्या उन्हावर वाढत होतं, त्याच्यासाठी.

हॉलंडची गोष्ट थोडक्यात. १९७६ साली तिथे कायदा सैल झाला, घरात पाच झाडांपर्यंत पोलीस डोळेझाक करू लागले आणि ग्रो-शॉप नावाची दुकानं वाढली. १ मार्च २०१५पासून मोठ्या लागवडीला जाणूनबुजून सामान पुरवणं हाच गुन्हा केला, तशी बरीच दुकानं मिटली. अमेरिकेत त्याच वर्षी नेमकं उलटं झालं. अंगणातल्या हिरवळीचं खत विकणाऱ्या स्कॉट्स मिरॅकल-ग्रो या जुन्या, सोवळ्या कंपनीने जनरल हायड्रोपोनिक्स विकत घेतली. २०१८ साली सनलाइट सप्लाय नावाचा मोठा वितरकही घेतला, ४५ कोटी डॉलरला. 'टोमॅटो' म्हणायची गरज संपली. आणि तळघरासाठी घडलेलं सामान नावं बदलून, उरलेलं-सुरलेलं, 'अर्बन फार्मिंग' म्हणून आपल्याकडे यायला लागलं.

आपल्याकडचा कायदा १९८५चा, एनडीपीएस. परवान्याशिवाय गांजाचं एक झाड लावणं हाही गुन्हा, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. कुंडीत असो, पाइपात असो, गच्चीवर असो. दुकानात येऊन हलक्या आवाजात "काका, फुलावर येताना कोणतं देतात?" विचारणारा पोरगा द्राक्षवाल्याचा नसतो, ते त्याच्या बुटांवरून कळतं. कोणत्या फुलाचं विचारतोय असं मी मोठ्याने विचारतो, तो झेंडू म्हणतो, मी झेंडूचं सांगतो. बाकीची मुलं सरळ असतात, त्यांना कोथिंबीर हवी असते. त्यांना मी चार क्षार सुटे, किलो-किलोने मोजून देतो, कॅल्शियमची पिशवी वेगळी बांधतो आणि पेटी परत पाठवता येते का बघा म्हणतो. काहींना ते रुचत नाही. दिव्याचा रंग त्यांना आवडलेला असतो.

डग्लसचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. बंगाल पद्धतीच्या पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि त्याने नवशिक्यांसाठी आणखी एक पुस्तकही लिहिलं. पण १९७६ साली, म्हणजे कॅलिफोर्नियात ती कंपनी निघाली त्याच वर्षी, त्याने रॉबर्ट हार्टबरोबर 'फॉरेस्ट फार्मिंग' लिहिलं. विषय माणसाला आणि गुरांना खाऊ घालणारी मोठी झाडं. अक्रोड, चेस्टनट, कॅरब. डोंगरउतारावर लावायची, शंभर वर्षं राहणारी, खोल मातीत मुळं धरणारी. बिनमातीच्या शेतीचा एवढा मोठा पुरस्कर्ता उतारवयात मातीत खड्डे खणून झाडं लावायला सांगत होता.